सांगलीत आहे, विचारा

१९ जून १९७४, सांगली
साताऱ्याच्या कॉलेजातले ग्रंथपाल दीक्षित यांची चिठ्ठी पुन्हा. वनस्पतिशास्त्राच्या त्या इंग्रजी त्रैमासिकाचा ६३चा बांधीव खंड त्यांच्या एका विद्यार्थिनीला आठवडाभर हवाय. पुन्हा 'नाही' कळवलं. नियमात बसत नाही. इथली ग्रंथपाल मीच, नियमही माझाच, ते सोडा. ६१ ते ६५, पाच खंड. एकेक सुटा अंक पाठपुरावा करून मिळवला, मग बांधून घेतले. ते एसटीच्या टपावर चढणार? छे.
हे हळदीच्या पेढीवरून आले, ऐकून म्हणाले, "त्या कपाटापुढे आमचा नंबर कितवा?" दुसरा, म्हटलं. खूष झाले. बहुतेक तिसरा वाटला होता.

२ जुलै
आमच्या शेखबाई, वनस्पतिशास्त्राच्या लेक्चरर. हळदीच्या पानांवर डाग पडतात, त्यावर पीएच.डी. करतायत. दिवाळीपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. इतक्या वर्षांचं काम पाण्यात. आज काउंटरवर येऊन बसल्या. राहिलेले संदर्भ सगळे त्याच त्रैमासिकातले, ६६ ते ७१चे. रुपया घसरला त्या साली आमच्या प्राचार्यांनी वर्गणी तोडली आणि नेमकी तेव्हाच साताऱ्याने सुरू केली! म्हणजे अर्धा संच इथे, अर्धा दीक्षितांकडे.
मुंबईला जाऊन बघायचं तर शेखबाईंचे वडील अंथरुणावर. "तुमची ओळख असेल ना साताऱ्याला?" म्हणाल्या.
असायला हवी होती.

३ जुलै
दीक्षितांना चिठ्ठी. लिहिली, फाडली, लिहिली. कोणत्या तोंडाने मागायचं! शेवटी दोन ओळी.

६ जुलै
सातारा गाडीचे कंडक्टर जगताप थेट कॉलेजात. फौजेतून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. बगलेत मेणकापडात गुंडाळलेला ६६चा खंड. "आवं बाई, दीक्षित सायबांनी दिलाय. थेंब लागू दिला न्हाई बघा." चहा घ्या म्हटलं. "गाडी हुबी हाय" करत पळाले.
आत चिठ्ठी: झाला की पाठवा, पुढचा देतो. बस्स. टोमणा नाही. उलटसुलट करून शोधला. असता तर बरं वाटलं असतं.
शेखबाई संध्याकाळपर्यंत हाताने उतरवत होत्या, तक्त्यांसकट.

१८ जुलै, रात्री घरी
आज साताऱ्याला जाऊन आले. ६६चा खंड परत करायचा होता; पाऊस फार, जगतापांकडे द्यायला धीर होईना, म्हणून स्वतःच नेला. (जगताप दुखावले. "मी वायरलेसचा सेट न्हेलाय खांद्यावरनं, ह्ये काय!")
दीक्षित बारीक चणीचे, कोट जुना, बोलणं हळू. स्वतः कपाटाकडे घेऊन गेले. ६६ ते ७२ ओळीने. आणि त्यांच्या आधी, डाव्या बाजूला, लाकडाचे पाच ठोकळे. खंडाएवढेच उंच, रंधा मारलेले. ६१, ६२, ६३... प्रत्येकावर त्यांच्याच सुबक अक्षरात: सांगलीत आहे, विचारा.
कधी केले, विचारलं. "झाली चार-पाच वर्षं."
म्हणजे मी नाही म्हणत होते तेव्हाही. इतक्यात एक मुलगी आली, कोरेगावकडची. दीक्षितांनी ओळख करून दिली तशी उजळलीच. "सांगलीच्या बाई तुमीच व्हय? मंग सरलं का तुमचं काम? मी ६३साठी लय दिस वाट बघतीय."
दीक्षित खिडकीबाहेर बघायला लागले. मुलं विचारायची तेव्हा ते सांगायचे, बाई सध्या फार कामात आहेत!
परतीच्या गाडीत कराडपर्यंत रडले. लाज वाटली, आणि का कोण जाणे, आनंदही झाला.

२० जुलै
६३ पाठवला. जगतापांनी दोन्ही हातांत घेतला. सुताराकडे सात ठोकळे करायला टाकलेत, ६६ ते ७२.

२७ ऑगस्ट
ठोकळे लागले. मजकूर दीक्षितांचाच चोरला, फक्त गाव बदललं. आता कपाटात भगदाड दिसत नाही. दोन मुलांनी आज विचारलंसुद्धा! ६३ परत आला, धड. उगीचच चारदा उघडून बघितला.
शेखबाईंचे ६९पर्यंत झाले. हल्ली हसतात.

२८ सप्टेंबर
दीक्षित परवा निवृत्त होतायत. त्यांच्या जागी कोण, त्यांनाच ठाऊक नाही. लिहितात, ठोकळे ठेवून जातोय. शेखबाईंचा ७०चा झाला. ७१ राहिला, आणि मुख्य लेख त्यातच.

१४ ऑक्टोबर
७१साठी दोन चिठ्ठ्या गेल्या. जगताप आज रिकाम्या हाताने. मान खाली. "नवं सायेब म्हनत्यात, नेमात बसत न्हाई."
माझंच वाक्य. अगदी माझ्याच सुरात ऐकू आलं.
रागवायचं होतं, पण हसू फुटलं. जगताप बघतच राहिले. माणूस नवा आहे, कुणीतरी जपून ठेवलेलं हातात आलंय, भीती वाटणारच. माझ्याइतकं ते कुणाला कळणार!

१५ ऑक्टोबर
पाचही खंड पाठवले. मागितले नव्हते. यांनी माडीवरची लोखंडी ट्रंक काढून दिली, वर माझ्याकडे निरखून, "ताप नाही ना?"
चिठ्ठीत लिहिलं: हवे तितके दिवस ठेवा. ७१ मिळाला तर आमच्या एका बाईंचा प्रबंध होईल. नाही पाठवलात तरी हे पाच तुमच्या मुलांना वाचू द्या, ठोकळ्यांच्या जागी बरोबर बसतील.
शेखबाई स्टँडवर आल्या होत्या. "आणि नाहीच दिला तर?" जगताप म्हणाले, "देत्याल, बाई. कुनीबी माणूस ट्रंक उघडल्याबिगर ऱ्हात न्हाई." ट्रंक टपावर नाही, स्वतःच्या सीटखाली घेतली.
परत येऊन रिकाम्या जागी सुताराकडून आणलेले आणखी पाच ठोकळे लावले. आता पूर्ण कप्पा लाकडाचा, ६१ ते ७२. सगळ्यांवर एकच: साताऱ्यात आहे, विचारा.
विचारलंय.