निम्म्या जागा

नागपूर, इंदोरा
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुर करतो, पण आई त्याहून जास्त करते, तेव्हा काळजी नसावी. बाबांनी गच्चीवर वांगी लावली आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जिन्यावरून ओढून नेऊन दाखवतात. फोनवर मी तुझ्याकडे कॅनडाला यायचं काढलं की तू हसून आईची चौकशी सुरू करतेस, म्हणून पत्र. पत्राला मध्येच थांबवता येत नाही.

तिथल्या प्रत्येक प्रांताला बाहेरच्या देशांतून माणसं निवडायला ज्या जागा मिळायच्या, त्या यंदा निम्म्यावर आणल्या, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. माझा तिकडचा अर्ज बघणाऱ्या सल्लागार बाई म्हणतात, तुमच्या प्रांतात उरलेल्या जागा आधी तिथेच काम करणाऱ्यांना, मग नर्सना. मसाल्याच्या कारखान्यात तिखटाची तपासणी करणारी मी कुठे बसणार? बाबांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

“निम्म्या काहून केल्या? तिथली कामं निम्मी झाली का?”
“नाही बाबा, राहायला घरं पुरत नाहीत म्हणे.”
“मंग आधी काहून बोलावून राहिले होते? पाहुण्याले जेवाले बोलवाचं आन् मंग पाट मोजाचे?”

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव, ते रोज विचारतात.

खरं सांगू? अर्जापेक्षा मला तुझ्या गावाचंच वेड लागलं होतं. अर्जातल्या ‘इथेच का राहायचं आहे’ याचं उत्तर द्यायचं म्हणून मी त्या गावाची सगळी माहिती काढली. बर्फात कपडे कुठे वाळवतात? एवढ्याशा गावाला बर्फावरच्या खेळाचं एवढं मोठं मैदान कशाला? नदी गोठते तेव्हा मासे कुठे जातात? नकाशावर रस्त्यांचे फोटो असतात ना, त्यांतून मी जेवणाच्या सुट्टीत तुझ्या गावात फिरायची. आता आपल्या खापा गावापेक्षा तुझ्या गावातले रस्ते मला जास्त पाठ आहेत.

असंच फिरताना मोठ्या किराणा दुकानाच्या मागच्या गल्लीत वळले. मागच्या ऑगस्टमधला फोटो. बाकावर एक बाई एकटी बसलेली, दुकानाचा हिरवा एप्रन, बूट खाली काढून ठेवलेले, मांडीवर डबा. चेहरे ते पुसट करतात. पण खुर्ची असो की बाक, उजवा गुडघा वर करून मांडी घालणारी बाई मी जन्मभर पाहिली आहे. ताई, ती तू होतीस.

तेव्हा तर तू बँकेत होतीस. ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर जेवतेस, असं सांगायचीस. आईनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं आहे. घाबरू नको, फोटो मी कुणालाही दाखवलेला नाही.

दुकानात काम करण्यात लाजायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. “थांब, पुढच्या वर्षी जागा वाढतील,” असं म्हणत तू मला दोन वर्षं थांबवलंस. कळमेश्वरच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सांभाळायचं काम मी तुझ्या शब्दावर एकदा नाकारलं. त्या दिवशी मी चिडले, मग खूप रडले. आणि मग मला प्रश्न पडला, तोच विचारायला हे सगळं लिहिते आहे.

तू मला माझ्या भल्यासाठी बोलावत होतीस, की तुला तिथे कुणीतरी आपलं हवं होतं?

तसं असेल तर एकदा सरळ म्हणायचंस ना गं. गुण, यादी, कोटा यांतलं काही न विचारता मी धडपडले असते. कदाचित माझं चुकतही असेल. कदाचित तू मजेत असशील. उन्हात एकटीनं जेवायला मलाही आवडतं. पण मला अंदाजावर राहायचं नाही. ताई, कशी आहेस?

कळमेश्वरच्या कारखान्यानं पुन्हा विचारलं. मी होकार दिला आहे, उद्या रुजू होते. सल्लागार बाईंना अर्ज मागे घ्यायला सांगितलं. तेव्हा पुढच्या वर्षी जागा वाढल्या तरी मी येणार नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं.

काल आई वांगी निवडताना एकदम म्हणाली, “रितूले विचार वं, तिले घरी वापस याचं हाय का म्हणून. आपण तिले तिकडच्या नोकरीचंच विचारतो, हे कोणी विचारलंच नाही.” तिला फोटोचं काहीच माहीत नाही, तरी म्हणाली. मी तिला म्हटलं, विचारते.

विचारलं.

आता कुणाचीच अर्जदार नसलेली,
तुझी
मेघा