सासूबाईंचं मयत आणि यांची हलगी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ४ ऑगस्ट १९७९

ती. सौ. आक्कांना धाकट्या जावेचा, लीलाचा, वाकून नमस्कार.

पत्रास कारण की, सासूबाई जिवंत आहेत.

हे आधीच लिहून टाकलं, कारण पत्र लांबणार आहे आणि तेवढ्या वेळात तुमच्याकडं दहाव्याची तयारी व्हायची. आण्णा भावोजींची तब्येत कशी आहे? त्यांनी डोकं केलं असं कळलं. चंदगडचा पाऊस, त्यात श्रावणातलं वारं, आणि वर केसाचा आधार नाही, तेव्हा कानटोपी काढू देऊ नका. पिंडाला कावळा शिवला नाही तरी घाबरू नका. म्हातारीची कसली इच्छा राहिली म्हणून एकमेकांना विचारत, शपथा घालत ओढ्याकाठी भिजत उभं राहू नका. कावळ्याला खरं काय ते माहीत आहे. सासूबाई ठणठणीत आहेत. दोन वेळचं जेवतात, सकाळी महादेवाला पाणी घालून येतात. फक्त सोमवारी संध्याकाळपासून त्या बोलत नाहीत. कुणाशीच नाही. आक्का, तुम्ही या घरात सहा वर्षं काढलीत आणि सुटलात, मी तीस काढली. आपल्या सासूबाई पाच दिवस गप्प, म्हणजे काय असेल ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? या बाईंचं तोंड एक दिवस तरी बंद राहू दे म्हणून मी अंबाबाईला किती वेळा हात जोडलेत त्याची गणती नाही. आता उलटा नवस बोललेय. घर खायला उठतंय हो.

तर हे झालं कसं, ते मुळापासून सांगते. तुमचे धाकटे दीर (म्हणजे आमचे हे) मार्चमध्ये रिटायर झाले. छत्तीस वर्षं टेबलाला बसलेला माणूस एकदम घरात आला. पहिला महिना त्यांनी मला कुकरच्या शिट्ट्या कशा मोजायच्या ते शिकवलं. दुसऱ्या महिन्यात मी त्यांना सांगितलं, की जरा देवाधर्माचं बघा. आक्का, ही माझी चूक, मी कबूल करते. मला वाटलं होतं, फार तर नरसोबाच्या वाडीला जातील, पेढे घेऊन येतील. हे गेले पन्हाळ्याला, आत्मोन्नती शिबिराला. तिथं कुणी नादमहर्षी म्हणून आहेत. चार वर्षांमागं ते इचलकरंजीत शिलाई मशिनी विकत होते असं चिमणाबाई म्हणते (शेजारची, तीच, जिच्याशी सासूबाईंचं बारा वर्षं भांडण आहे). मग ते कुठंतरी परदेशात तीन महिने जाऊन आले आणि केस वाढवून महर्षी झाले. त्यांचं म्हणणं असं, की लांब बर्फाच्या मुलखात भगत असतात, आपल्याकडं धनगरांचे असतात तसे. तो भगत स्वतःच्या हातानं ढोल करतो, आणि डोळे मिटून तो वाजवत त्याच्यावर बसून स्वर्गात जाऊन येतो. म्हणून प्रत्येक साधकानं आपला ढोल आपण करायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, विकत काही आणायचं नाही. मग सूर्योदयाला उंच जागी बसून, डोळे मिटून, आपल्या आतला ठेका शोधायचा. तो सापडला की माणूस तरला.

विकत आणायचं नाही म्हटल्यावर सगळं माझ्या स्वयंपाकघरातून गेलं. ढोलाचं कडं म्हणून माझी पिठाची मोठी चाळण गेली. जाळी उचकटून काढली आणि लाकडाचं कडं ठेवलं. कातडं त्र्यंबोलीच्या जत्रेतलं. आखाडात बोकड पडतातच, हे तिथं जाऊन एकाच्या पाया पडून घेऊन आले. सगळी पेठ जत्रेहून मटण घेऊन आली, आमच्या घरी नुसतं कातडं आलं. केस निघावेत म्हणून ते चुन्यात भिजवलं माझ्या तांब्याच्या घंगाळात. आठ दिवस आम्ही बादलीनं आंघोळ केली. वासाचं काय सांगू! श्रावण लागला तरी आमच्या घरात आखाडच होता. शेवटी हे अंगणात पाट टाकून खुरप्यानं केस खरवडायला बसले, आणि आत चहा प्यायला आले तेवढ्यात गल्लीतल्या कुत्र्यानं कातडं पळवलं. पुढं कुत्रं, मागं हे लेंगा सावरत. हेडक्लार्क म्हणून निरोप समारंभात हार घातलेला माणूस! कातडं परत आलं, एका कोपऱ्याला दात लागलेले. महर्षींना पत्रानं विचारलं, तर उत्तर आलं, की प्राणिमात्रांचा स्पर्श शुभ आहे.

मग कातडं कड्यावर ताणायला जमेना. दिवसभर ताणायचं, दुसऱ्या दिवशी पावसाच्या हवेनं ते ढिलं पडायचं. शेवटी हे गुपचूप भरमाप्पाकडं गेले. भरमाप्पा म्हणजे आपल्या पेठेत मयताला, कुस्तीला, जत्रेला हलगी वाजवणारा म्हातारा. तुमच्या लग्नातही त्यानंच वाजवली होती, आणि मांडवाबाहेर बसून जेवला होता. त्यानं ते यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ही हलगी की ओ सायेब!" हे म्हणाले, हलगी नव्हे, हे आत्म्याचं वाहन आहे, यावर देव भेटतो. म्हातारा म्हणाला, "ही बडवून द्येव भेटत असता, तर आमच्या गल्लीत पाय ठेवाय जागा ऱ्हायली नसती. माझ्या बापानं जन्मभर बडिवली, त्याला तुमच्या दारातली पायरी बी भेटली न्हाय." तरी त्यानं कातडं पाण्यात भिजवून, दोरीनं आवळून, एका तासात टणक करून दिलं. वर सांगितलं, की वाजवायच्या आधी जाळावर शेकायची, तरच बोलती. यांनी घरी येऊन मला सांगितलं, की स्वतःच्या हातांनी केली. मी विचारलं, मग भरमाप्पाच्या हातांचं काय? तर म्हणे, ते निमित्तमात्र. आक्का, पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपण उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्याच्याकडनं मोक्ष बांधून आणायचा, आणि त्यालाच निमित्तमात्र म्हणायचं, याला रिटायर झालेल्या माणसाचीच छाती लागते.

रविवारी, २९ तारखेला, मुहूर्त निघाला. पहाटे यांनी माझ्या शेगडीवर हलगी शेकली, कानात कापूस घातला (बाहेरचा आवाज आत यायला नको, आतला ऐकायचा ना!) आणि गच्चीवर जाऊन डोळे मिटून बसले. तासभर डोळे उघडायचे नाहीत, अशी महर्षींची आज्ञा. मी दुधाला कट्ट्यावर गेले होते. समोर धार काढून देतात, त्यामुळं रविवारी म्हशीपुढं ही रांग असते. सासूबाई महादेवाला गेल्या होत्या. घरात कुणी नाही. आणि यांना आतला ठेका सापडला.

तो कोणता असावा? दोन ठोके, मग थांबा. दोन ठोके, मग थांबा. सावकाश. आक्का, तुम्ही पेठेत राहिलात, तुम्हाला कळलं असेल. आपल्याकडं मयत निघालं की हलगी अशी वाजते. या माणसानं तीस वर्षांत पेठेतलं एक मयत चुकवलं नाही. ऑफिस चुकवलं, माझ्या माहेरची लग्नं चुकवली, पण मयत नाही. डोळे मिटून अंतरंगात उतरल्यावर तिथं दुसरं काय सापडणार?

पेठेनं ऐकलं. आवाज आमच्या घरातून आला म्हटल्यावर पुढं विचारायचं काही उरलंच नाही. घरात जाण्यासारखं दुसरं आहे कोण? म्हातारी बाळाबाई गेली! आपल्या पेठेचं तुम्हाला माहीतच आहे, जिवंत माणसाला पाणी विचारायला उशीर होईल, पण मेलेल्याला होणार नाही. तालमीतली माणसं वीस मिनिटांत दोन बांबू, सुतळी, मडकं आणि सरणाला हातगाडीभर शेणी घेऊन दारात. चिमणाबाई पायरीवर बसून छाती पिटायला लागली. बोलली काय, तर जिभेला हाड नव्हतं गं बाई, पण आता भांडू कुणासंगं! मी दुधाची किटली घेऊन वळणावर आले, दारात तिरडी बांधताना बघितली. वाटलं, हे गेले. तेवढ्यात वरून ढब्‌ढब्‌ ऐकू आलं. म्हणजे हे नव्हेत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पुढच्याच क्षणाला राग आला, तेही खरं.

एवढ्यात समोरून सासूबाई आल्या, हातात रिकामा तांब्या. आपल्याच दारात तिरडी बघून त्या यांचं नाव घेऊन ओरडल्या, "माझा नृसिंह गेला गं!" त्यांना बघून चिमणाबाई जी किंचाळली, ती यांना कापसातून ऐकू आली आणि यांनी डोळे उघडले. तासाला सात मिनिटं कमी होती, म्हणून साधना मोडली, हे मला अजून ऐकून घ्यावं लागतंय.

पुढचा दीड दिवस सासूबाईंनी काय गाजवला! कोण किती रडलं ते दारोदार जाऊन विचारून आल्या. चिमणाबाईला म्हणाल्या, चांगली रडलीस, ये आता चहाला. बारा वर्षांचं भांडण मिटलं. मयताचं सामान एकदा दारात आलं की परत न्यायचं नाही, असं तालीमवाल्यांचं म्हणणं पडलं. तर सासूबाईंनी ते बांबू मागच्या परड्यात रोवून घेवड्याचा वेल चढवला. माझेच आहेत न्हवं, म्हणाल्या. शेणीवर पाणी तापवलं. यांना तर इतक्या शिव्या घातल्या की मला नव्यानं शिकायला मिळाल्या.

मग सोमवारी संध्याकाळी गणपतराव आला. तुमच्या चंदगडच्या एसटीचा कंडक्टर, आमच्या मागच्या गल्लीतला. रविवारी सकाळी ड्यूटीवर जाताना त्यानं दारातली तिरडी बघितली होती, आणि दुपारी भावोजींच्या काजूच्या वखारीवर जाऊन निरोप दिला होता. त्याचा दोष नाही, त्यानं जे बघितलं ते सांगितलं. आता तो तुमचा उलटा निरोप घेऊन आला होता. दार सासूबाईंनी उघडलं. तो पांढराफटक पडला, पण निरोप्या माणूस, तोंडात घोळवत आणलेला निरोप बाहेर पडलाच. आण्णांनी ओढ्यावर डोकं केलं. सुतक तिथंच पाळत्यात. दहावा तिथंच घालणार. रस्त्यावर पाणी आल्यानं येता येत न्हाय. आणि आक्कांनी विचारलंय, बोरमाळ कुणाकडं ठेवली?

सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "तू कसा आलास रं?" तो म्हणाला, "एस्टीनं. रोजच्या रस्त्यानं." त्या म्हणाल्या, "बस. च्या घे." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. गणपतराव त्या दिवसापासून ताप येऊन रजेवर आहे, म्हणून हे पत्र.

आक्का, मी तुम्हाला नावं ठेवत नाही. बोरमाळ तुम्ही काळजीनंच विचारली असणार. पण पाच वर्षं झाली, भावोजी इकडं फिरकले नाहीत. काजूचा हंगाम, मग पाऊस, मग पुन्हा हंगाम. आईला बघायला सवड नव्हती, हे एक वेळ तिनं पोटात घातलं होतं. मेल्यावरही सवड नाही, हे तिनं जिवंतपणी, स्वतःच्या दारात उभं राहून ऐकलं. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये. तुमच्या दिरांनी हलगी माळ्यावर टाकलीय. ते रोज आईच्या पायाशी बसतात, म्हणतात, आई, एक शिवी तरी घाल. ती घालत नाही. हसू येत नाही मला आता त्याचं.

थोरांना नमस्कार, पोरांना पोटभर आशीर्वाद. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण तो लिहून येत नसतो.

तुमची जाऊ,
लीला

ता. क. नादमहर्षींचा निरोप आलाय. सासूबाई मरून परत आल्या हा नादाचा प्रभाव आहे, तरी त्यांना पुढच्या शिबिरात अनुभव सांगायला पाठवा. हे विचार करतायत. मी लाटणं हाताशी ठेवलंय.

दुसरा ता. क. बोरमाळ सासूबाईंच्या गळ्यात आहे. आंघोळीलाही काढत नाहीत.

तिसरा ता. क. पाकिटाला खळ लावत होते, तेवढ्यात सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. पाच दिवसांनी बोलल्या. म्हणाल्या, मी सांगते तसं लिही, तुझं शहाणपण घालू नको. तेव्हा घालत नाही:

"आण्णा, माझं मेल्यावरचं सगळं तू केलंस. डोकं केलंस, सुतक धरलंस, दहावा बी घालशील. लेकाचं कर्तव्य झालं. आता मी मरीन तवा तू येऊ नगंस, काय काम न्हाय. यायचं आसलं तर आत्ता ये, मी हाय तवर."