तिघींचं घर, पानशेतच्या अलीकडे

३ जानेवारी
शिवणाच्या तासाला आम्हा तिघींत एकच अंगुस्तान असायचं. आम्रपाली घालायची, सुरय्या मागायची, मी बोट टोचून घ्यायची. सिस्टर म्हणायच्या, या तिघींना एकाच घरात द्यायला हवं. आज ते घर कागदावर काढायला घेतलं. पानशेतच्या अलीकडे माझी जागा पडूनच आहे. तीन खोल्या, मध्ये अंगण. दिवाळीला राहायला जाणार. नक्की.

१९ जानेवारी
भाचा प्रज्ञेश आर्किटेक्ट. नकाशा बघून म्हणाला, "मावशी, एकोणतीस पायऱ्या? राहणार कोण, शेळ्या?" आगाऊ. रॅम्प काढला. पायऱ्याही ठेवल्या, पाहुण्यांसाठी.

८ फेब्रुवारी
सुरय्याचा फोन. "अगं, आमच्या ह्यांना कुठे ठेवू?" अमीनभाई नकाशात राहूनच गेले! गेस्टरूम सुचवली. "चाळीस वर्षांच्या नवऱ्याला गेस्टरूम?" खूप हसली. नाही म्हणाली नाही.

२ मार्च
आम्रपालीला जागा दाखवली. वाटेत पाच वेळा विचारलं, कुठे चाललोय. केवढा उत्साह! तिची सून तनुजा हळूच म्हणाली, "मावशी, आई परवा मंडईतून येताना रस्ता चुकल्या." मंडईत कोण चुकत नाही? मोकळ्या हवेत सुधारेल.

२१ मार्च
प्रज्ञेशने अंगणाला फाटक काढलं, कडी बाहेरून. मी खोडलं. त्याने परत काढलं.

१४ एप्रिल
अमीनभाईंचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. सुरय्या म्हणते, तिकडून कसं जमणार? एखाद्या रविवारी येईन. म्हणजे आहेच ती. तिची खोली तशीच ठेवली.

५ मे
दुपारी बिबवेवाडीला आम्रपालीकडे नकाशा घेऊन गेले. तिने पाणी आणून दिलं. कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "छान आहे हो घर. कोण राहणार?"
तू, मी, सुरय्या, म्हटलं.
"अहो, पण मी तुम्हाला ओळखत नाही."
पंचावन्न वर्षांत मला कधी अहो म्हणाली नव्हती. झोपेतून उठली होती. मी दुपारी जायलाच नको होतं.

९ मे
सकाळी जाऊन आले. तसंच.

१२ मे
प्रज्ञेशला फोन केला. काम थांबव म्हटलं. "बरं मावशी," एवढंच म्हणाला.
तीन गाद्या भरून घेतल्या होत्या, सावरीच्या. एक अमीनभाईंना द्यावी. एक प्रज्ञेशने न्यावी. सगळ्यात मऊ आम्रपालीला. कोणी दिली विचारलं, तर शेजारच्या बाईंनी, असं तनुजाने सांगावं. अनोळखी माणसाची म्हटलं, तर ती परत करायला निघेल.