पायातली शीर

प्रिय ढब्बू,

पत्र बघून हसशील. तासाभराच्या अंतरावर राहणारी बहीण आणि पत्र कसलं लिहिते, म्हणशील. खुशाल म्हण. फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी तीन होतात, म्हणून कागद घेतला. परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. रडत होती बिचारी. डॉक्टरांनी बायपास सांगितलीय, मंगळवारची तारीखही दिलीय, आणि तू 'मला नको' म्हणून मोकळा झालास. वर कामालाही जातोस! हृदयाच्या तीन धमन्या तुंबल्यात आणि हा माणूस चौथ्या मजल्यावर टाकी बसवतोय. धन्य आहे बाबा तुझी.

तुझं कारणही तिने सांगितलं. पायातली शीर काढून छातीत बसवणार, ती पडली परतीची लाइन, तिची भिंत पातळ, तिला पंपाचं प्रेशर झेपणार कसं? शिवाय तिच्यात व्हॉल्व्ह असतात, ते प्रवाह अडवतील. तीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण खोटं कशाला बोलू, तुझं अर्धं बरोबर आहे. व्हॉल्व्हची काळजी सोड. सर्जन शीर उलटी करून बसवतात, म्हणजे ती पाती रक्ताच्या वाटेत येत नाहीत. एवढं त्यांना कळतं रे. तुझ्या हाताखाली शिकायची वेळ अजून आलेली नाही त्यांच्यावर.

राहिली भिंत. मी लॅबमध्ये काय करते म्हटलं की तू 'काचा रंगवते' असं सांगतोस सगळ्यांना. रंगवतेच. शरीराचा इवलासा तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, काचेवर चढवून रंगवायचा, मग डॉक्टर तो मायक्रोस्कोपखाली बघतात. त्यांच्याआधी मी बघून घेते. धमनी आडवी कापली की जाड भिंतीचं गोल कडं दिसतं, रिकामी असली तरी आकार मोडत नाही. शीर म्हणजे पिळून टाकलेला पायमोजा. दोघींना आतून एकाच पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू, बाहेर वेष्टण. फरक आहे तो मधल्या थराचा. धमनीत तो भरदार, शिरेत नावापुरता. आणि हृदयाचा स्नायू तर मला अजूनही बघत राहावासा वाटतो. त्याचे धागे सुटे नसतातच, एकाला फाटे फुटतात आणि ते शेजारच्याला जाऊन मिळतात. प्रत्येक जोडावर एक बारीक गडद रेघ. असे किती जोड असतील देव जाणे, आणि जन्मभर एकही सैल पडत नाही. तुझ्या जोडांचं मी काही बोलत नाही, आमच्या मोरीतला नळ अजून गळतोय.

आता माझी फजिती ऐक, आणि कुणाला सांगू नकोस. मागे एका माणसाचं हृदय तपासणीला आलं होतं. सायकलवरून जाताना ट्रकने उडवलं होतं त्याला. सोबत एक नळीचा तुकडा, लेबलवर लिहिलेलं, पायातली शीर. मी काप काढला, रंगवला, बघते तर जाड भिंतीचं गोल कडं! शीर कुठली, ही तर धमनी. मी नाक वर करून मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली की तुमच्या माणसांनी लेबल चुकवलंय, माझ्या टेबलावर असला गोंधळ चालायचा नाही. त्यांनी काच परत पाठवली. दुसरा रंग देऊन आणा म्हणाले. धमनीत अस्तराखाली एक काळी नागमोडी रेघ उठून दिसते त्या रंगात. इथे ती रेघ नव्हतीच. शीरच होती ती! अकरा वर्षांपूर्वी बायपासमध्ये बसवलेली. अकरा वर्षं धमनीचं काम करून करून तिने स्वतःची भिंत भरून घेतली होती. मी पार तोंडघशी पडले, पण इतका आनंद कुठल्याच चुकीने दिला नव्हता मला.

पाइप बसवला तसाच राहतो, ढब्बू. शीर जिवंत असते. सगळ्याच टिकतात असं म्हणणार नाही. काही नको तितक्या जाड होतात आणि बुजतात. म्हणून गोळ्या घ्याव्या लागतील, आणि ती मेली सिगारेट सोडावी लागेल. पण तो माणूस एकोणसत्तराव्या वर्षी सायकल चालवत होता. तू तर अजून छप्पन्नचा आहेस.

आता फोनवर जे जमलं नसतं ते लिहिते. चोवीस वर्षांपूर्वी बाबांनाही हेच ऑपरेशन सांगितलं होतं, ते तुला ठाऊक आहे. त्यांनी मला विचारलं होतं, ते ठाऊक नाही. मी लॅबला निघाले होते, चपला घालत होते. ते दाराशी आले आणि म्हणाले, तू रोज बघतेस हे सगळं, तूच सांग, करून घेऊ का? मी घाबरले. काही बरंवाईट झालं तर माझ्यावर येईल म्हणून 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' म्हणाले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात नकार कळवला. पुढे आठ महिने काढले त्यांनी. तुम्ही सगळे म्हणता बाबा हट्टी होते. हट्टी नव्हते रे, ते विचारत होते. आजवर हे मी कुणाजवळ बोलले नाही. तू तर मला विचारलंसुद्धा नाहीस, तरी सांगते, करून घे. सोमवारी सकाळी रजा टाकून येतेय, बॅग भरून ठेव. चुकलं तर येऊ दे माझ्यावर. मला तू हवा आहेस.

तुझीच,
ताई