नऊ गुणांची प्रामाणिक कमाई

वॉन, ऑन्टारियो
शुक्रवार, दुपार

श्री. हेमचंद्रराव यांस,

मुलाकडचा, शिवाय वयानं थोरला, तरी नमस्कार आधी मीच करतो. तो गोड मानून घ्यावा. एटोबिकोला थंडी आमच्यापेक्षा दोन अंशांनी कमी असते असं आपण दर फोनवर सांगता, तेव्हा ती कमीच असावी. गुडघे काय म्हणतात? सौ. कस्तुरीताईंचा खोकला गेला का? इकडे आपली चैत्राली सुखरूप असून सासऱ्याला "बाबा, प्लीज" एवढ्या दोन शब्दांत गप्प करायला शिकली आहे.

पत्रास कारण की, माझ्या लायसन्सविषयी आपल्या कानांवर काहीबाही आलं असेल. आलेलं खरं आहे, ज्या सुरात आलं असेल तो सूर खोटा आहे. इथल्या सरकारची रीत अशी की, माणूस शून्यावर सुरू होतो आणि जसजसा चुकेल तसतसे त्याचे गुण वाढत जातात. (आमच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर छडी ठेवून दिली असती.) नऊ झाले की मुलाखतीला बोलावू शकतात, पंधरा झाले की लायसन्स काढूनच घेतात आणि दोन वर्षांनी सगळं पुसून टाकतात.

दर गुरुवारी ब्रॅम्पटनच्या सीनियर सेंटरमध्ये आमचं पाठांतर मंडळ भरतं. मी, रविकांत, जयंतीबाई आणि वसईचे कॉस्मस. पाचवी ते अकरावीच्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता, पुस्तक न उघडता, एवढा एकच नियम. चौघांत गाडी माझी एकट्याची, त्यामुळे मी नाही तर मंडळ नाही. गेल्या मार्चात जाताना मंदाक्रांतेतलं एक कडवं म्हणत होतो. या वृत्तात यती चौथ्या अक्षरावर, मग दहाव्यावर. स्टॉपची पाटी आली सातव्यावर. सातव्यावर कोण थांबतं? गाडी हळू केली आणि रीतसर दहाव्यावर थांबलो, तो चौकाच्या पलीकडे, पोलिसाच्या पुढ्यात. तीन गुण. आमच्या घराण्यात सरकारी कागद कधी घरात निजला नाही. त्याच संध्याकाळी दंड भरला आणि सोबत आभाराचं पत्रही धाडलं. (उत्तर नाही. या देशात पत्रव्यवहार संपला आहे.)

सप्टेंबरात शाळेची बस थांबली होती. लाल दिवे लुकलुकत होते (ते लागले की इथं सगळ्या गाड्यांनी जागच्या जागी थांबायचं असतं), पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं उतरत होती. मला माझी शाळा आठवली, डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांना ते दिवे इतके शोभिवंत दिसले की मी कौतुकानं बघत पुढे निघून गेलो. सहा गुण. इथं मात्र मी चुकलो, आणि ते मी कुणीही न विचारता सांगतो. हाही दंड दिवेलागणीच्या आत भरला.

यावर आमचा उन्मेष काय म्हणाला असेल? "बाबा, पे केलंत? पे करणं म्हणजे गिल्टी प्लीड करणं! आधी मीटिंग मागायची, प्रॉसिक्युटरशी बोलायचं, पॉइंट्स कमी करून घ्यायचे. सगळे तेच करतात."

"तू केलंयस?"

"दोनदा. माय रेकॉर्ड इज क्लीन."

म्हणजे हायवेवर एकशे तीसनं जाणारा आपला जावई शून्यावर आणि चाळीसनं जाणारा मी नऊवर! जिथं भाजीच्या जुडीवर घासाघीस करता येत नाही, तिथं गुन्ह्यावर करता येते. आणि जो मुकाट्यानं कबूल करतो त्याच्या पदरात गुण पडतात. आपण सज्जन आहात, तेव्हा आपणही सांभाळून राहावं.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. समोर एक पंजाबी बाई. "अंकल, बताइए, आपका लायसन्स क्यों न लिया जाए?" मी वीस मिनिटं बोललो, वृत्तापासून सुरुवात करून बालपणापर्यंत आलो. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "अंकल, गाडी चलाते वक्त आँखें तो बंद नहीं करते?" मी खरं तेच सांगितलं, "सिर्फ आखिरी पंक्ति पे." तेव्हा बाई प्रथमच काहीतरी लिहू लागल्या. एकूण मुलाखत उत्तम झाली.

बाकी सर्व ठीक. लहानमोठ्यांना ज्याचं त्याला यथायोग्य पोचवावं.

आपला व्याही,
चंद्रकांत देवस्थळी

ता. क. मुलाखत उत्तम झाली असं वर लिहून चुकलो, तेवढ्यात टपाल आलं. सोमवारपासून तीस दिवस माझं लायसन्स बंद.

आणखी ता. क. तीस दिवसांत निदान चार गुरुवार येतात. बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागते, ते जयंतीबाईंच्या कंबरेला झेपत नाही. मुलीच्या वडिलांकडे काही मागणं आम्हांला शोभत नाही, म्हणून ही विनंती नव्हे. फक्त लक्षात आणून देतो की आपण निवृत्त आहात, आपल्याकडे गाडी आहे आणि गुरुवारी आपल्याला काही काम नसतं. कवितेचं आपल्याला वावडं आहे, जाणतो. (मंगलाष्टकं चालू असताना आपण पंगतीची पानं मोजत होता.) कानांत कापूस घातलात तरी आमची हरकत नाही.

शेवटचा ता. क. उन्मेषनं माझ्या गाडीला गिऱ्हाईक पाहिलं आहे. "आता कशाला हवी, बाबा?" म्हणतो. किल्ली सापडत नाही, असं मी त्याला सांगितलं आहे. ती या पाकिटात आहे. (दुसरी खरोखरच हरवली आहे.) तीस दिवस आपल्यापाशी असू द्यावी, त्यानं विचारलंच तर आपल्याला काही ठाऊक नाही. पाकीट चैत्रालीच्याच हाती पाठवतो आहे, हलवलं तर वाजू नये म्हणून किल्ली मोज्यात गुंडाळली आहे. मोजा धुतलेला आहे.