आधी वीस मोजा

माझा थोरला, सूनबाई, दीर आणि नणंदबाई, तुम्हां चौघांची माझ्याबद्दल एकच जुनी तक्रार आहे: ही बाई कोणाला बोलू देत नाही. तक्रार खरी आहे. आता मी गेल्यावरही मीच बोलणार आहे आणि तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही. बसून ऐका.

मी, बाइंडिंगच्या दुकानाची मालकीण, वय सहासष्ट, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने लिहिते आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे का हे पाहायला त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार का नाही, हे त्यांना अर्धा तास विचारलं. त्यांनी लगेच सही केली.

कलम एक. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीच्या. ती सव्वीस वर्षांची आहे. या कागदात तिला कोणी बाळ म्हणणार नाही. तिला शिकायला आणि बोलायला वेळ लागतो. विशेष शाळेने अठराव्या वर्षी निरोपाचा फोटो काढून तिला घरी पाठवलं. पुढे कसं जगायचं, ते फोटोच्या मागे लिहिलेलं नव्हतं. मुलं सज्ञान कधी होतात ते कायदा सांगतो, मग त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार ते कोणीच सांगत नाही, यावर मी चौदा सभा गाजवल्या. चौदाही सभांत ती माझ्या शेजारी गप्प बसली होती, कारण तिच्या वतीने मी बोलत होते.

कलम दोन. यात कोणाला काही मिळत नाही, ही कबुली आहे. तीन वर्षांपूर्वी पंधराव्या सभेत माझा आवाज बसला आणि डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं. दीर खूश होते, मी पाहिलं. त्याच आठवड्यात एक वकील जाडजूड पुस्तक बांधायला घेऊन आले. कधी मिळेल, असं त्यांनी मला विचारलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी नाइलाजाने मुलीला विचारलं. सवयीने माझं तोंड उघडलं; आवाज निघाला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा वीस घरं पुढे गेला. मग ती म्हणाली, "गुरुवारी. खळ वाळायला दोन दिवस लागतात. घाई केली तर पानं सुटतील."

तेवीस वर्षांत मी तिला ते वीस सेकंद दिले नव्हते.

आवाज आल्यावर मी तिला विचारलं, माझ्यानंतर कुठे राहशील? आणि काट्याकडे बघत बसले.

"इथेच," ती म्हणाली. मी उठायला लागले तेव्हा पुढे म्हणाली, "दादाने यावं. पण बेल वाजवून."

थोरल्या, तू तुझ्या घरी तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहेस. तुझी माया मी जाणते. रंग कोणता हवा, हे तिला विचारलंस का?

कलम तीन. पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुया, दोरा आणि खळीचं पातेलं तिचं. कापायचं यंत्र समोरच्या शिंपीणबाईंनी चालवावं. "त्याची मला भीती वाटते," असं मुलीनेच सांगितलं आहे. माझ्या ठेवींच्या व्याजातून मदतनीस ठेवावी: बँकेत आणि डॉक्टरांकडे सोबत जायला, आलेली पत्रं समजावून सांगायला. तिची मुलाखत मुलगी घेईल. कागद थोरल्याने सांभाळावेत, पण मुलीला विचारल्याशिवाय एकही हलवू नये.

कलम चार. नणंदबाईंनी दर वाढदिवसाला तिला बाहुली दिली. सव्वीसच्या सव्वीस परत. पुढच्या वर्षी चपला द्याव्यात, माप तिला विचारून. दीर गेली कित्येक वर्षं तिच्याच समोर जेवताना मला विचारत आले, "हिचं पुढे काय होणार?" त्यांना सेकंदकाट्याचं ते घड्याळ.

साक्षीदार एक: शिंपीणबाई.
साक्षीदार दोन: डॉक्टर (उतार बांधून झाला).

मुलीलाही साक्षीदार व्हायचं होतं. जिला वाटा मिळतो तिने साक्ष देऊ नये, असं वकील म्हणाले. मग त्याऐवजी काय करशील, म्हणून तिला विचारलं. ती या कागदाला पुठ्ठा बांधणार आहे.

ठिकाण: दुकानातलं मोठं टेबल. दिनांक: चौदा, महिन्याचा दुसरा मंगळवार. बांधणी गुरुवारी.

सही: मालकीण, अजून तरी.

वाचून झालं म्हणून उठू नका. ती तिथेच बसली असेल. घड्याळ दिरांच्या हातात द्या, तिला विचारा, "हे तुला मान्य आहे का?" आणि कोणीही तोंड उघडण्याआधी वीस मोजा.