अप्पांचा घोटा

प्रिय अण्णा,

पत्र हातात पडताच तू बायकोला, आमच्या अत्तिगेला, म्हणशील, "हिचा फोन बिघडला वाटतं." फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू दोनदा "हं" म्हणतोस आणि तो तिच्या हातात देऊन मोकळा होतोस. मला जे सांगायचंय ते त्या दोन "हं"मध्ये मावणारं नाही. म्हैसूरच्या बसस्टँडवर, खिडकीतून केळी आत देता देता, तू म्हणालास, "दसऱ्यापासून मी सकाळचा योगाचा वर्ग सोडतोय. अप्पांच्या पाटावर तू बस." बस हलली. का सोडतोयस, ते तू सांगितलं नाहीस आणि मलाही विचारायला सुचलं नाही. इतकी वर्षं दुपारी बायकांचा वर्ग घेताना त्या पाटाकडे मी किती वेळा बघितलं असेल! तो असा केळ्यांबरोबर हातात येईल असं वाटलं नव्हतं.

इथं मेलुकोट्यात माझं बरं चाललंय. निघताना तू चिडवलं होतंस, "केस पिकेपर्यंत लोकांना शिकवलंस आणि आता उभं राहायला शिकायला चाललीस?" तुझं म्हणणं खरं निघालं. सुरुवातीचे कित्येक दिवस आमच्या इथल्या गुरू आंडाळम्मांनी आम्हाला नुसतं उभं केलं. दाराच्या तुळईला त्यांनी गवंड्याचा ओळंबा टांगलाय. त्याच्यामागे उभं राहायचं. नाक, बेंबी आणि दोन पायांमधली जागा त्या दोरीच्या रेषेत यायला हवी. माझी बेंबी उजवीकडे सरकलेली. त्या म्हणाल्या, "म्हैसूरच्या बाई, घर असं बांधलं असतं तर मालकानं गवंड्याला हाकलून दिलं असतं." सगळे हसले. मीही हसले, पण पाटावर बसायला निघालेल्या बाईला ते जरा लागलंच.

दुपारी पडवीत योगसूत्रांचा तास असतो. पोटात चिंचभाताची पुळियोगरे गेलेली असते, डोळे मिटायला लागतात, म्हणून त्या मुद्दाम वाद लावून देतात. एकदा त्यांनी मला विचारलं, अभ्यास म्हणजे काय? मी ठसक्यात म्हटलं, रोज न चुकता तेच करणं. "ते तर गिरणीचा पट्टाही करतो," त्या म्हणाल्या. "मन भटकलं की त्याला परत जागेवर आणून बसवायचं, तो अभ्यास. पाय कुठं आहे हे नंतर बघू." मग वैराग्यावर बरेच दिवस गेले. मला ते नेहमी टाकून देण्यासारखं काहीतरी वाटायचं. त्या मूठ घट्ट वळून दाखवायच्या, मग हळूहळू सैल करायच्या. हातातली वस्तू तिथंच असायची. तेव्हा मान डोलावली, पण कळलं ते पद्मासनाच्या दिवशी.

त्या दिवशी आम्ही बसलो होतो. मी आपल्या घरच्या पद्धतीनं, आधी उजवा पाय, त्यावर डावा. त्या म्हणाल्या, "आता पाय बदला." मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही." "तुमच्यात गुडघा एकच असतो का?" बदलला. अण्णा, डावा पाय आधी घातला तर उजवा वर चढेचना. कसाबसा चढला तर गुडघा हवेत, बसलेल्या बकरीसारखा. आणि मला रडू फुटलं. दुखत नव्हतं रे. अप्पा मागून येतील आणि मांडीवर चापट मारून म्हणतील, "वेणी, उजवा आधी," असं वाटत राहिलं. तुला आठवतं ना, कॉफीचा वास यायचा आणि चापटही यायची. तुला मात्र कधी पडली नाही. तू बसलास की मोठी माणसं म्हणायची, श्रीकंठ बसलाय की कुणी कोरून ठेवलाय?

आंडाळम्मांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "उजवाच आधी का, ते वडिलांनी कधी सांगितलं?" नाही सांगितलं. आपणही विचारलं नाही. त्या संध्याकाळी कल्याणी तळ्याच्या पायऱ्यांवर पाय चोळत बसले होते आणि माझा हात डाव्या घोट्यावर थांबला. अप्पांचा डावा घोटा! लहानपणी बैलगाडीचं चाक गेलेलं, त्यावर ती पांढरी खूण. अम्मा त्या बुटक्या स्टुलावर बसून कोमट एरंडेल चोळायची आणि अप्पा म्हणायचे, "हळू, हळू." आधी घातलेल्या पायाचा घोटा खाली दाबला जातो. अप्पांचा डावा दाबून घेणाराच नव्हता. म्हणून उजवा आधी. त्यांना जमायचं तसं ते बसले, शिष्य त्यांच्याकडे बघून बसले, आणि बघता बघता तो नियम झाला. त्यांच्या घोट्याचं दुखणं आपण सगळ्यांनी परंपरा म्हणून पायात घालून घेतलं.

मला अप्पांचा राग आला नाही. मूठ सैल झाली तरी अप्पा तिथंच होते. उलट इतकं जवळचं वाटलं त्यांच्याबद्दल, की सांगता येत नाही. रोज पहाटे दुखरा पाय घेऊन ते बसत होते आणि जमेल तसं बसत होते. आपण तेवढंच घ्यायचं होतं त्यांच्याकडून.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. अण्णा, डावा पाय सतत वर राहिला की डावा गुडघा पिळत राहतो, हे इथं कळलं आणि मला तू दिसलास. अप्पांच्या श्राद्धाला खांबाला टेकून, डावा पाय लांब करून बसलेला. गुरुपौर्णिमेला प्रार्थना उभ्यानं घेतलीस आणि म्हणालास, यंदापासून अशीच. बसस्टँडची पायरीसुद्धा तू एकेक पाय टेकवत उतरलास. तुला बसता येत नाही, म्हणून तू पाट सोडतोयस. अत्तिगेनं चुगली केलेली नाही, तिला बोलू नकोस. पाट मला हवाय, खोटं कशाला बोलू. पण तू तोंड लपवून उठलास म्हणून रिकामी झालेली जागा मला नको. दसऱ्याला पहाटे मी बसेन, डावा पाय आधी घालून. माझा उजवा गुडघा हवेत राहील आणि सगळा वर्ग ते बघेल, बघू दे. तू माळ्यावरून अम्माचं ते बुटकं स्टूल काढून पुसून ठेव. पाटाच्या शेजारी त्यावर बस, पाय लांब कर, आणि प्रार्थना तू सांग. मी तुझ्यामागून म्हणेन.

तुझीच,
वेणी